खेळ संपल्यानंतरचे मैदान आणि कुटुंबाचा एक दिवस

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

२०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला होणार हे गेल्या नोव्हेंबरात निश्चित झाल्यापासून आपल्या वृत्तपत्रात त्याविषयी बरेच काही वाचायला मिळते आहे. किती मैदाने लागतील, किती पैसा लागेल, २०३६ च्या ऑलिम्पिकसाठीचा आपला दावा त्यामुळे किती बळकट होईल, अशी ती चर्चा आहे आणि ती व्हायलाही हवी. मात्र या सगळ्यात एक साधा प्रश्न मला कुठे दिसला नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे. स्पर्धा आटोपून दहा-पंधरा वर्षे झाल्यावर, सामना नाही, समारंभ नाही अशा एखाद्या दिवशी, आजी-आजोबा, आई-वडील आणि दोन नातवंडे असे कुटुंब पुऱ्यांचा डबा आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन त्या आवारात गेले, तर त्यांना तिथे दिवसभर करण्यासारखे काही असेल का?

हा प्रश्न सुचण्याचे कारण असे की, २०१२ चे ऑलिम्पिक ज्या जागी झाले त्या लंडनच्या क्वीन एलिझाबेथ ऑलिम्पिक पार्कमध्ये गेल्या वर्षी जुलैमध्ये आम्ही असा दिवस घालवला. खरे तर दोन दिवस. त्यातला पहिला पुरता फसला आणि दुसरा मनासारखा गेला. आपल्या वाचकांपैकी अनेक जण उन्हाळ्यात मुलामुलींकडे लंडनला जातात. तिथला त्यांचा कार्यक्रम जवळजवळ ठरलेला असतो: राजवाड्यासमोरचा पहारा, टॉवर ब्रिज, मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे आणि एक दिवस देवळात. त्यात या उद्यानाचा एक दिवस घालावा अशी माझी शिफारस आहे आणि तो कसा आखावा हेही सविस्तर सांगावे असे वाटते. मी पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो असल्यामुळे माझे लक्ष खेळाडूंपेक्षा माती आणि पाण्याकडे अधिक जाते, तेवढे वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमची मुलगी वेम्बलीला राहते. भारतीय क्रीडारसिकाला ते नाव नवे नाही. १९४८ च्या ऑलिम्पिकमध्ये १२ ऑगस्टला स्वतंत्र भारताच्या हॉकी संघाने ब्रिटनला ४-० असे हरवले ते वेम्बलीच्या स्टेडियमवर. ते स्टेडियम पाडून त्या जागी नवे उभे राहिले आहे. त्याच ऑलिम्पिकमध्ये आपले कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव सहावे आले होते. त्या कुस्त्या अर्ल्स कोर्टच्या ज्या सभागृहात झाल्या, त्याचा आता मागमूसही नाही. महायुद्धानंतरच्या ओढगस्तीत लंडनने त्या वेळी स्पर्धांसाठी नवे मैदान बांधलेच नव्हते, तेव्हा मागे फारसे काही उरले नाही यात नवल नाही. वेम्बलीची जलतरणाची जुनी इमारत तेवढी टिकून आहे. २०१२ मध्ये बॅडमिंटन तिथेच झाले आणि सायना नेहवालला कांस्यपदक मिळाले ते तिथेच. नातवाला घेऊन मी तिच्यावरून रोज फिरायला जात असे. तेव्हाच त्याने विचारले, की ऑलिम्पिकचे खरे मैदान कुठे आहे? आणि आमची ती सहल ठरली.

पहिल्या खेपेला आम्ही जुलैच्या तिसऱ्या शनिवारी, जावयांची सुट्टी पाहून, काहीही न तपासता निघालो. वेम्बली पार्कहून ज्युबिली मार्गाची गाडी कुठेही न बदलता थेट स्ट्रॅटफर्डला जाते, पाऊण तासाच्या आसपास लागतो, त्यामुळे सगळे सोपे वाटले होते. पण त्या दिवशी तिथल्या स्टेडियमवर डायमंड लीगची अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा होती आणि साठ हजार माणसांची रीघ स्थानकापासूनच लागलेली होती. आमच्याकडे तिकिटे नव्हती. स्ट्रॅटफर्ड स्थानकातून उद्यानाकडे जाणारी सगळ्यांत सरळ वाट एका प्रचंड मोठ्या बाजारसंकुलातून जाते. गर्दीतून बाजूला व्हावे म्हणून आम्ही त्यात थांबलो आणि दोन तास तिथेच गेले. बाहेर पडलो तोवर पाच वर्षांची नात झोपेला आली होती आणि हिचे गुडघे दुखू लागले होते. दुरून स्टेडियम पाहिले, डबा बाजारसंकुलाच्या बाकावर खाल्ला आणि घरी परतलो. यात त्या उद्यानाचा काहीच दोष नव्हता. दोष आमच्या आळसाचा होता. हे एवढ्यासाठी सांगितले की, जाण्यापूर्वी स्टेडियमचे वेळापत्रक पाहणे ही पहिली गोष्ट आहे. २०१६ पासून ते वेस्ट हॅम या फुटबॉल संघाचे घरचे मैदान आहे, म्हणजे हंगामात सामन्याचे दिवस आणि उन्हाळ्यात गाण्यांचे किंवा अ‍ॅथलेटिक्सचे दिवस टाळून जावे. ज्यांना सामनाच पाहायचा आहे त्यांची गोष्ट वेगळी.

दुसऱ्या खेपेला शाळांना सुट्टी लागल्यावर, बुधवारी, मी आदल्या रात्री नकाशा घेऊन बसलो. हे उद्यान ५६० एकरांचे आहे आणि वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचे बंदिस्त सभागृह, उत्तर टोकाला तर स्टेडियम दक्षिण टोकाला आहे. बहुतेक पाहुणे स्ट्रॅटफर्डला उतरून दक्षिणेकडून सुरुवात करतात. मी उलटे केले. लहान मुलांचे खेळ उत्तरेला आहेत, ते मुले ताजी असताना व्हावेत; आणि संध्याकाळी सगळे दमल्यावर स्ट्रॅटफर्डला पोहोचावे, कारण ज्युबिली मार्गाची गाडी तिथूनच सुटते आणि बसायला जागा हमखास मिळते. मुंबईच्या लोकलमध्ये आयुष्य गेलेल्यांना या दुसऱ्या कारणाचे महत्त्व समजावून सांगायला नको. तेव्हा आम्ही वेस्ट हॅम्पस्टेडला गाडी बदलून मिल्डमे मार्गाने हॅकनी विक या छोट्या स्थानकावर उतरलो. वेस्ट हॅम्पस्टेडच्या ज्युबिली स्थानकात जिने चढावे लागतात, तेवढी एक अडचण आहे. ज्यांना जिने अजिबात चालत नाहीत त्यांनी सरळ स्ट्रॅटफर्ड गाठावे, तिथे लिफ्ट आहेत. चालण्याचा त्रास असणाऱ्यांसाठी उद्यानात चाकाच्या खुर्च्यांची आणि विजेच्या छोट्या गाड्यांची विनामूल्य सोय असते असे मुलीने शोधून काढले होते. हिने मात्र खुर्चीत बसण्यास साफ नकार दिला आणि दर दोनशे पावलांवर बाक आहे का एवढेच ती पाहत राहिली. बाक पुष्कळ आहेत.

हॅकनी विकपासून थोड्या अंतरावर, ऑलिम्पिकच्या वेळी जगभरच्या पत्रकारांसाठी आणि दूरचित्रवाहिन्यांसाठी बांधलेल्या अवाढव्य इमारती आहेत. स्पर्धा संपल्यावर अशा इमारतींचे काय करायचे हा कुठल्याही यजमानाला पडणारा प्रश्न असतो. इथे कंपन्यांची कार्यालये आणि शिक्षणसंस्था आल्या आणि ३१ मे २०२५ पासून त्यातल्या एका भागात व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे कोठार लोकांसाठी खुले झाले आहे. कोठार हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण ते नेहमीसारखे दालनांचे संग्रहालय नाही. लोखंडी मांडण्यांवर अडीच लाखांहून अधिक वस्तू ठेवलेल्या आहेत आणि आपण त्यांच्यामधून फिरतो. आगाऊ नोंदणी केली तर पाचपर्यंत वस्तू जवळून पाहण्यासाठी मागवताही येतात. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. तिथेच आग्र्याच्या किल्ल्यातल्या हमामखान्याच्या, सतराव्या शतकातल्या संगमरवरी कमानी आणि खांब उभे केलेले आहेत. ‘आपल्याकडचे बघायला इतक्या लांब यायचे’, एवढेच ही म्हणाली आणि बराच वेळ तिथून हलली नाही. नातवंडांना मात्र तासाभरापेक्षा जास्त वेळ तिथे थोपवणे शक्य नव्हते.

त्यानंतरचा दोन-अडीच तासांचा वेळ मी ‘टम्बलिंग बे’ या मुलांच्या क्रीडांगणासाठी राखून ठेवला होता आणि तो कमी पडला. क्रीडांगण म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर एक झोपाळा, एक तुटकी घसरगुंडी आणि एक सी-सॉ येतो. इथे झाडांच्या ओंडक्यांचे उंच मचाण आहेत, त्यांना जोडणारे दोरांचे झुलते पूल आहेत, वाळू आहे आणि दगडांमधून खळाळणारे पाणी आहे. मुलांनी पाणी अडवावे, वळवावे, चिखल करावा अशीच त्याची रचना आहे. माझ्या नऊ वर्षांच्या नातवाने वाळूचा बंधारा घातला. तो दोनदा फुटला. तिसऱ्या वेळी मी त्याला सांडवा कशासाठी ठेवतात ते सांगितले आणि मग तो टिकला. पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझे इतक्या तत्परतेने कुणी ऐकले नव्हते. इथेही प्रवेशशुल्क नाही. मुलांना बदलायला कपड्यांचा एक जोड आणि टॉवेल न्यायला विसरू नये. शेजारीच लाकडी बांधणीचे उपाहारगृह आणि स्वच्छतागृह आहे, पण आम्ही गवतावर चादर पसरून तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि गुळाच्या दशम्या खाल्ल्या. आमच्यासारखी डबे घेऊन आलेली निदान वीस-पंचवीस कुटुंबे आजूबाजूला होती; त्यांत बांगलादेशी होती, तुर्की होती, आफ्रिकी होती. सगळे आसपासच्या वस्त्यांतले दिसत होते. हे उद्यान पर्यटकांपेक्षा शेजाऱ्यांचे आहे असे मला तिथे बसल्याबसल्या जाणवले.

आता थोडे त्या जमिनीविषयी, कारण ते पाहिल्याशिवाय या दिवसाची किंमत कळत नाही. लंडनच्या पूर्वेचा हा ली नदीच्या फाट्यांमधला भाग दीडशे वर्षे कारखान्यांचा, गोदामांचा आणि कचऱ्याचा होता. टाकाऊ फ्रिजचा एक डोंगरच इथे साठलेला होता. जमीन तेल, डांबर आणि जड धातूंनी इतकी नासलेली होती की, सुमारे २० लाख टन माती उपसून, धुऊन, स्वच्छ करून त्यातली बहुतांश तिथेच पुन्हा वापरली गेली. माती धुण्याच्या त्या यंत्रांना तिथले लोक मातीचे रुग्णालय म्हणत. डोक्यावरून जाणाऱ्या उच्चदाबाच्या विजेच्या तारा सहा किलोमीटर लांबीच्या बोगद्यांतून जमिनीखाली नेल्या आणि ५२ मनोरे उतरवले. उत्तरेकडच्या भागात नदीचे काठ उतरते करून वेताची पाणथळ राने केली आहेत. ती पाहायला सुंदर आहेतच, पण नदीला फुगवटा आला की जादा पाणी तिथे पसरते आणि खालच्या वस्तीत शिरत नाही. आपल्याकडे नदीकाठ सुधारणा म्हटली की काँक्रीटच्या भिंती डोळ्यांसमोर येतात. तिथे मी काठावर उभा राहून अर्धा तास वेतच पाहत होतो आणि मुलीला वाटले की मला थकवा आला.

वेलोड्रोम तिथून जवळच आहे. त्याचे छत दोन बाजूंनी उचललेले असल्यामुळे लोक त्याला बटाट्याच्या काचऱ्याची उपमा देतात. आत सैबेरियन पाइनच्या लाकडाची २५० मीटरची धाव आहे आणि वळणावर तिचा उतार ४२ अंशांपर्यंत जातो. उभे राहून पाहिले तरी पोटात गोळा येतो. आम्हाला वरच्या कठड्यावरून सराव पाहता आला. ज्यांची मुले मोठी आहेत त्यांनी आधी नोंदणी करून तिथे सायकल चालवण्याचे सत्र अवश्य घ्यावे, सायकल आणि शिरस्त्राण तिथेच मिळते. हॉकीप्रेमींनी आणखी उत्तरेला असलेल्या हॉकी व टेनिस केंद्रापर्यंत जावे. २०१२ मध्ये आपला संघ ज्या तात्पुरत्या मैदानावर एकही सामना न जिंकता बाराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिला, ते मैदान उचलून या केंद्रात नेण्यात आले. पुढे २०१६ च्या चॅम्पियन्स करंडकात आपण तिथेच रौप्यपदक मिळवले आणि २०१८ च्या महिला विश्वचषकात आपल्या मुली तिथे उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचल्या. आम्ही मात्र तिकडे गेलो नाही. एका दिवसात पाच वर्षांच्या मुलीला किती चालवायचे याला मर्यादा असते.

दुपारी तीनच्या सुमारास नदीकाठाने दक्षिणेकडे निघालो. ही चाल दीड-दोन किलोमीटरची आहे. या वाटेवरचे पूल ऑलिम्पिकच्या वेळी गर्दीसाठी रुंद होते आणि नंतर त्यांचा तात्पुरता भाग काढून ते अरुंद केले गेले, ही गोष्ट मी जावयांना सांगायची म्हणून लक्षात ठेवली. खेळाडूंच्या निवासाचे गावही या वाटेवरून डावीकडे दिसते. तिथे आता सुमारे २८०० घरे आहेत. स्पर्धेच्या काळात त्यांत स्वयंपाकघरे नव्हती, खेळाडू सामायिक भोजनगृहात जेवत. स्वयंपाकघरे नंतर बसवून मग घरे रहिवाशांना दिली गेली. आधी नंतरचा विचार करायचा आणि मग स्पर्धेपुरते काय कमी-जास्त लागेल ते पाहायचे, ही तिथल्या बांधकामाची रीत या एका तपशिलात दिसते.

स्टेडियमसमोर पोहोचल्यावर नातवाने अपेक्षित प्रश्न विचारलाच: ‘इथे आपण जिंकलो का?’ ऑलिम्पिकपुरते बोलायचे तर थाळीफेकीत विकास गौडा अंतिम फेरीत आठवा आला होता आणि हे त्याला पुरेसे वाटले नाही. मग मी त्याला त्याच वर्षी ऑगस्टअखेरीपासून झालेल्या पॅरालिम्पिकविषयी सांगितले. कर्नाटकच्या हसन जिल्ह्यातल्या गिरीश नागराजेगौडाने याच स्टेडियममध्ये १.७४ मीटर उंच उडी मारून रौप्यपदक जिंकले. त्या पॅरालिम्पिकमधले भारताचे ते एकमेव पदक होते. आणि सुवर्णपदक जिंकणाऱ्या फिजीच्या खेळाडूची उडीही तेवढीच होती. १.७४ मीटर म्हणजे किती, हे दाखवण्यासाठी मी हात वर केला. नातवाने बाजूच्या भिंतीवर बोट टेकवून ती उंची धरली आणि त्याखाली उभा राहून पाहिले. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी अशा दोन-चार गोष्टी आधी वाचून जावे असे मी आवर्जून सुचवीन, नाहीतर रिकामे स्टेडियम बाहेरून पाहण्यात मुलांना काही रस वाटत नाही.

जलतरण केंद्राची इमारत झाहा हदीद या वास्तुरचनाकार बाईंची आहे. स्पर्धेसाठी तिला दोन बाजूंना तात्पुरते सज्जे जोडून १७,५०० प्रेक्षकांची सोय केली होती. ते सज्जे नंतर काढून टाकले, तिथे काच बसवली आणि आता ती सुमारे अडीच हजार आसनांची, नगरपालिकेच्या तलावासारखी चालणारी इमारत आहे. कुणीही तिकीट काढून पोहू शकतो, फक्त वेळ आधी नोंदवावी लागते आणि लहान मुलांसोबत मोठे माणूस पाण्यात उतरावे लागते. मायकेल फेल्प्सने आपली ऑलिम्पिक पदकांची संख्या २२ वर नेली ती या तलावात. मुलगी आणि नातू पोहून आले, तोवर नातीने शेजारच्या उघड्या कारंज्यांत स्वतःला दुसऱ्यांदा भिजवून घेतले. कपड्यांचे दोन जोड न्यावेत, अशी वरच्या सूचनेत मी दुरुस्ती करतो.

लाल पोलादाचा तो गुंता, ‘ऑर्बिट’, मला आवडला नाही हे प्रामाणिकपणे सांगतो. मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर आणि अभियंते सेसिल बालमंड यांची ती ११४.५ मीटर उंचीची रचना आहे आणि तिला २०१६ मध्ये १७८ मीटर लांबीची घसरगुंडी जोडली गेली. तिकीट बरेच आहे, घसरगुंडीला वयाची आणि उंचीची अट आहे आणि ती चालू आहे की नाही याची खात्री करून घ्यावी. आमच्या घरात यावर मतभेद झाले. पोलादाचा इतका पसारा करून शेवटी खाली घसरायचेच असेल तर टम्बलिंग बेमध्ये ते फुकट होते, हे माझे मत. नातवाचे मत आपण विचारू नये. संध्याकाळी सहाला आम्ही स्ट्रॅटफर्डच्या फलाटावर होतो आणि पाचही जणांना बसायला जागा मिळाली.

आता दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. या स्पर्धांसाठी सरकारी तिजोरीतून जवळजवळ नऊ अब्ज पौंड गेले. जिथे आम्ही डबा खाल्ला त्या परिसरात पूर्वी क्लेज लेन नावाची सहकारी वसाहत होती आणि तिथल्या चारशेहून अधिक रहिवाशांना घरे सोडावी लागली. जवळच्या भाजीपाल्याच्या छोट्या वाफ्यांवरून अनेक कुटुंबांना उठावे लागले. आसपासची घरे महागली. स्टेडियमच्या बाबतीत तर आधी विचार करूनही गणित चुकले. ८० हजारांपैकी ५५ हजार आसने काढून टाकून छोटे मैदान ठेवायचे अशी मूळ योजना होती, ती बदलली आणि फुटबॉलसाठी केलेल्या फेरबदलांचा खर्च तीस कोटी पौंडांच्या पुढे गेला. तो तिथल्या करदात्यांच्या अजून गळ्यात आहे. तरीही मला महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट: स्पर्धेनंतरच्या उद्यानाची जबाबदारी घेणारी स्वतंत्र कंपनी २००९ मध्येच, म्हणजे स्पर्धेच्या तीन वर्षे आधी स्थापन झाली होती, आणि २०१२ च्या एप्रिलमध्ये, उद्घाटनाला अजून चार महिने असताना, तिच्या जागी अधिकार असलेले महामंडळ आले होते. उद्यानाचा उत्तरेकडचा भाग जुलै २०१३ मध्ये लोकांसाठी उघडला आणि दक्षिणेकडचा एप्रिल २०१४ मध्ये. ज्यांना खेळ भरवायचे होते ते वेगळे आणि ज्यांना नंतर झाडे जगवायची, नळ दुरुस्त करायचे आणि मुलांची वाळू चाळायची होती ते वेगळे, अशी ती विभागणी होती. आमच्या खात्यात कालव्याचा नारळ फोडायला मंत्री येत आणि गाळ काढायच्या दिवशी उपअभियंतासुद्धा येत नसे, त्यामुळे या विभागणीचे मोल मला चांगले कळते.

अहमदाबादचे नियोजन करणाऱ्यांनी हे वाचावे अशी अपेक्षा नाही. ते लंडनला माझ्यापेक्षा अधिक वेळा गेले असतील. पण मला आपल्या घराजवळचे बोलायचे आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी म्हाळुंगे-बालेवाडीला श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले, तेव्हा माझी मुलगी नऊ वर्षांची होती, आज तिचा मुलगा आहे तेवढी. त्या स्पर्धा पाहायला मी तिला स्कूटरवर पुढे उभी करून औंधहून नेले होते. त्या वेळी बालेवाडी म्हणजे शेते होती. २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा तिथे झाल्या आणि ‘जिगर’ या वाघोबाची चित्रे सगळ्या शहरात लागली. तिथे आजही खेळाडू सराव करतात, स्पर्धा होतात, आणि ते संकुलाचे पहिले काम आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. सरावाच्या वेळेत चादरी आणि डबे घेऊन कुणी धावपट्टीवर जाऊन बसावे असे मी म्हणत नाही.

मी सुचवतो ते एवढेच, की महिन्यातला एक रविवार कुटुंबांसाठी राखावा. माफक तिकीट ठेवावे. जुन्या खेळाडूंनी किंवा प्रशिक्षकांनी पंचवीस-तीस माणसांच्या गटाला तासभर फिरवून दाखवावे. पुण्यात असे निवृत्त खेळाडू पुष्कळ आहेत आणि त्यांना बोलवायला कुणी जात नाही. मुलांना १०० मीटरच्या धावपट्टीवर एकदा पळू द्यावे आणि त्यांची वेळ एका कागदावर लिहून त्यांच्या हातात द्यावी. १९९४ मध्ये आणि २००८ मध्ये तिथे कोण धावले, कोण पोहले, कुणी काय जिंकले, हे सांगणारे मराठी फलक त्या त्या जागी लावावेत. एक कोपरा वाळूचा आणि पाण्याचा असावा. त्याला फार पैसा लागत नाही, फक्त रोज झाडणारा माणूस लागतो. गोव्यातही २०२३ च्या राष्ट्रीय स्पर्धांची मैदाने आहेत, तिथल्या वाचकांनीही आपापल्या ठिकाणी हे विचारून पाहावे.

मी हे काल्पनिक मागणे मागत नाही. लंडनहून परतल्यावर राज्यातल्याच एका संकुलाच्या फाटकावर मी एका रविवारी सकाळी गेलो होतो. रखवालदार सभ्य होता. त्याने वही पुढे केली. तिच्यात नाव, गाडीचा क्रमांक, कुणाकडे आणि काय काम असे रकाने होते. ‘कुणाकडे’ मध्ये मी काहीच लिहिले नाही आणि ‘काय काम’ मध्ये ‘पाहायला’ असे लिहिले. त्याने ते वाचले, थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘काका, हे चालत नाही, दुसरे काहीतरी लिहा.’ दुसरे काही लिहिण्यासारखे नव्हते, म्हणून मी परत आलो.

शाळांच्या परीक्षा आता तोंडावर आल्या आहेत आणि मे-जूनमध्ये लंडनला जाणाऱ्यांची व्हिसाची व तिकिटांची गडबड आधीच सुरू झाली असेल. त्यांच्या हाती वेळेवर पडावे यासाठी हे पत्र, जागेअभावी कापावे लागले तरी हॅकनी विकला उतरण्याचा आणि कपड्यांच्या दोन जोडांचा मजकूर तेवढा ठेवून, लवकर प्रसिद्ध करावे ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त अभियंता, औंध, पुणे